पुढचा शब्द

बाबांच्या तोंडात आता दोनच शब्द उरले होते, आणि तेही गेले असते तर बरं झालं असतं, असं घरात प्रत्येकाला वाटत होतं.

"जगणार नाही."

खाली कारखान्यात थोरली लेक एका कवळीवर दात बसवत होती. गुलाबी मेणात एकेक दात टोचायचा, गरम सुरीने कड गुळगुळीत करायची. डोक्यावर लाकडी तक्तपोशी, तक्तपोशीवर बाबांची खोली. उन्हाळ्यात झटका आला तेव्हापासून दिवसभर तो आवाज फळ्यांमधून खाली ठिबकत असे. चहा हवा असला की "जगणार नाही?" उशी सरकली की चिडून, "जगणार नाही, जगणार नाही!" खिडकी लावून घेतली की समाधानाने, लांबवत, "जगणार नाऽही."

डॉक्टरांनी समजावलं होतं. "मेंदूतली शब्दांची जागा गेली की कधीकधी एखादंच वाक्य शाबूत राहतं. कुठलं राहावं याला काही धरबंध नसतो. कोणाच्या तोंडी देवाचं नाव राहतं, कोणाच्या तोंडी शिवी. तुम्ही त्याचा अर्थ लावत बसू नका."

डॉक्टरांचं काय जातंय सांगायला. हे वाक्य कुठून आलं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. याच कारखान्यात, या टेबलापाशी, हात साच्यांच्या प्लास्टरने माखलेले असताना बाबांनी ते धाकट्या लेकीला, चिमणीला, ऐकवलं होतं. चिमणीने त्या दिवशी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला घरी आणलं होतं आणि याच्याशीच लग्न करणार म्हणून सांगितलं होतं. तो माणूस चर्चची पायरी चढत नसे. बाबा तिथल्या मंडळीतले वडीलधारे, प्रार्थनेला उभे राहिले की आजारी माणूस अंथरुणातून उठतो अशी त्यांची ख्याती. 'बाबांचा शब्द खाली पडत नाही' असं लोक म्हणत, आणि बाबांना ते ऐकायला आवडत असे. त्यांनी बोट रोखलं आणि म्हणाले, "तुझ्या पोटचं काही जगणार नाही."

चिमणीचं पहिलं मूल पोटातच गेलं. दुसरा मुलगा झाला, रडला, दूध प्यायला, आणि सकाळी उचलायला गेली तर गार. कारण कोणाला सापडलं नाही. बाबा दफनाला गेले नाहीत. खाली बसून दिवसभर कवळ्या घासत राहिले.

आता तिला पुन्हा दिवस गेले होते.

थोरलीने सुरी दिव्यावर धरली. भिंतीवरच्या फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले होते, बाबांच्या तरुणपणापासूनचे. निम्मी माणसं केव्हाच मेलेली, पण तोंडं इथे शाबूत. लहानपणापासून तिने ती पाहिली होती आणि कधी दचकली नव्हती. पण अलीकडे तिला ती सगळी तोंडं वरचा आवाज ऐकत असल्यासारखी वाटायला लागली होती. शेवटी काल तिने एकूण एक साचा भिंतीकडे वळवून ठेवला. आज सकाळी दार उघडलं तर मधल्या फळीवरचा एक जबडा समोर बघत होता. एखादा राहून गेला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

तिला बाबांचे सूर कळायला लागले होते. चहाचा सूर, उशीचा सूर, पाय दुखल्याचा सूर. फक्त एकाचा अर्थ लागत नव्हता. अंधारून आलं की बाबा पलंगाशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत हलक्या, लाडिक आवाजात तेच दोन शब्द म्हणत. पुन्हा पुन्हा, कोणाला तरी जवळ बोलवावं तसे. त्या वेळी थोरली वर जात नसे. खुर्चीत कोणी बसलेलं दिसलं तर काय करा, या भीतीने.

आज उपासना आटोपून चर्चमध्ये पाळक असलेला भाऊ आणि वहिनी येणार होते. बाबांना गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात हलवायचं त्यांनी ठरवलं होतं. आणि आजच यायला थोरलीने चिमणीला फोन केला होता. दोघांपैकी कोणालाच तिने दुसऱ्याबद्दल सांगितलं नव्हतं.

*

धुकं इतकं होतं की दुपार असून रस्त्यावरचे दिवे लावलेले होते. पाळक कोटाची कॉलर वर करून झपाझप चालत होता. मागून बायको धापा टाकत येत होती.

"अहो, जरा हळू. तिथे जायची एवढी काय घाई?"

"एकदाचं बोलून टाकू. उद्या गाडी येईल."

"ताई ऐकतील?"

"ताईला एकटीला झेपणार आहे का ते?"

"झेपण्याचा प्रश्नच नाही हो." बायको त्याच्या बरोबरीने आली. "शिंपीणकाकू फुलं घेऊन आल्या, त्यांना बाबा तेच म्हणाले. चार दिवसांत गेल्या. मग ऑर्गन वाजवणारे काका. ते अजून अंथरुणावरच आहेत. आणि मागच्या रविवारी मी ब्लँकेट सारखं करत होते, तर माझा हात धरला आणि डोळ्यांत बघून म्हणाले. तेव्हापासून मला झोप लागत नाहीये. जिना उतरताना कठडा सोडत नाही मी."

"शिंपीणकाकू म्हाताऱ्या होत्या."

"तुम्हाला भीती वाटत नाही?"

पाळक आणखी झपाझप चालू लागला. जिभेवर त्याने किती प्रवचनं दिली असतील. ज्या तोंडाने देवाची स्तुती करायची त्याच तोंडाने माणसाला शाप कसा द्यायचा, यावर तर त्याच्या मंडळीत लोक रडले होते. पण त्या जिन्याच्या तळाशी उभं राहिलं आणि वरून तो आवाज आला की त्याला सगळी वचनं विसरायला होई. आपल्या बापाच्या घशात दुसराच कोणी बसून बोलतोय, असं वाटे.

कारखान्याच्या दारातच त्याने विषय काढला. थोरलीने सुरी खाली ठेवली नाही.

"आश्रमात काय होईल रे? तिथली माणसं रोज हे ऐकणार आणि एक दिवस बाबांच्या तोंडावर टॉवेल टाकणार."

"ताई, तिथे ते कोणाला ओळखत नाहीत. लोकांना शब्दांचं काही वाटणार नाही."

"म्हणजे शब्द लागतो तो ओळखीच्या माणसालाच?"

"तू मला शब्दांत पकडू नकोस."

"ताई, तुमचं वय काय, तब्येत काय," वहिनी मध्ये पडली. "रात्रंदिवस तेच कानावर. तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"मला रोज पन्नास वेळा म्हणतात. बघ, जिवंत आहे."

तेवढ्यात वरून आवाज आला, हलका, लाडिक. बाहेर धुक्याने अंधारून आलं होतं. तिघंही माना वर करून छताकडे बघत राहिली. आणि त्याच वेळी दाराची कडी वाजली.

चिमणी आत आली. पोट कोटात मावत नव्हतं. तिच्यामागे तिचा नवरा, हातात टोपी घेऊन.

वहिनी मागे सरकली, टेबलाला धडकली. पाळक म्हणाला, "तू इथे? या अवस्थेत? ताई, हे तुझं काम!"

"हो, माझं."

"वेड लागलंय का तुला? त्या आवाजाखाली हिला आणून उभी केलीस!"

"दादा, मी स्वतःच्या पायांनी आले," चिमणी म्हणाली.

"मी म्हटलं होतं नको म्हणून," तिचा नवरा पुटपुटला. "मी दिवसभर लिफ्टच्या पोकळीत दोरावर लोंबकळणारा माणूस, देवाला मानत नाही, भुताला मानत नाही. पण या घराची पायरी चढायला माझी हिंमत होत नव्हती. एरवी हसलो असतो मी स्वतःला."

वहिनीने त्याला बसायला स्टूल दिलं. भीतीपुरती का होईना, दोघांची एक बाजू झाली.

"का आलीस?" पाळकाने जरा मऊ आवाजात विचारलं.

"बाबांनी दिलेला शब्द बाबांनीच परत घ्यायचा. दुसऱ्या कोणाला तो घेता येणार नाही."

"ते बोलू शकत नाहीत, चिमणे! तेवढेच दोन शब्द येतात त्यांना. त्यांच्यापुढे गेलीस तर काय म्हणतील कळतंय ना?"

"कळतंय."

"मग? त्यापेक्षा मी प्रार्थना करतो. प्रभूच्या नावाने तो शाप मोडून काढू. मला अधिकार आहे तसा."

चिमणीने त्याच्याकडे बघितलं. ती लहान असताना याच भावाने तिला स्तोत्रं शिकवली होती, खांद्यावर बसवून.

"बाबांनी एकदाच म्हटलं, दादा. तू दर बुधवारी म्हटलंस."

"मी?"

"प्रार्थनासभेत. 'माझ्या बहिणीने आज्ञा मोडली, तिची कूस बंद झालीय, तिच्यासाठी प्रार्थना करा.' दर आठवड्याला, चाळीस माणसांपुढे. त्यातल्या बायका मला बाजारात भेटतात. हात धरून सांगतात, आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतो हं. बाबा रागात बोलले. तू डोळे मिटून, शांतपणे, देवासमोर बोललास."

 मेण वितळवायच्या दिव्याची ज्योत तेवढी फुरफुरत होती. पाळकाने बायकोकडे बघितलं. ती त्याच्याऐवजी चिमणीच्या पोटाकडे बघत होती.

*

वरच्या खोलीत पाळकाने प्रार्थना केलीच. बहिणीचं बोलणं त्याला झोंबलं होतं, आणि झोंबलं की तो मोठ्याने प्रार्थना करी. सगळी पलंगाभोवती उभी राहिली. बाबा उशीला टेकून बसले होते, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा. चिमणी दिसताच त्यांचे डोळे मोठे झाले होते, पण तोंड उघडायच्या आत पाळकाने सुरुवात केली.

"हे प्रभू, या घरावर दया कर."

"जगणार नाही," बाबा म्हणाले.

पाळकाने पुढे रेटलं. "या लेकरावर, जे तू गर्भात घडवतो आहेस—"

"जगणार नाही."

"त्याला अंधाराच्या हातातून—"

"जगणार नाही!"

बाबा चुकत नव्हते. प्रत्येक वाक्य संपलं की नेमकं तिथे, मंडळीने एका सुरात 'आमेन' म्हणावं तसे ते शब्द पडत होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या प्रार्थनेला 'आमेन' म्हटलं होतं. ती सवय जिवंत होती, फक्त शब्द बदलला होता. पाळक आवाज चढवत गेला तसे बाबाही चढवत गेले. वहिनीने कानांवर हात घेतले. लिफ्टवाल्याच्या कपाळावर घाम आला. खाली कारखान्यात काहीतरी फळीवरून पडून फुटलं, खळ्ळकन, आणि खाली तर कोणीच नव्हतं.

"दादा, पुरे," चिमणी म्हणाली. "तू बोलतोस म्हणून ते बोलतायत. पुरे कर."

पाळक थांबला. बाबाही थांबले. दोघंही सारखेच धापा टाकत होते, आणि थोरलीला दिसलं की दोघांचे चेहरेही आता अगदी सारखे होते.

चिमणी पलंगाशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली.

*

बाबांच्या आत शब्दांची काही कमी नव्हती. म्हाताऱ्याला सगळे शब्द येत होते. सकाळी तो मनात पूर्ण स्तोत्र म्हणत असे, एक ओळ न चुकता. पण ओठांशी एकच अरुंद दार होतं आणि त्या दारात ते दोन शब्द ठाण मांडून बसले होते. बाकीच्यांना ढकलून तेच बाहेर पडत. तो म्हणे, थोरले, दमलीस, बस जरा. कानावर पडे, जगणार नाही. सुनेचा हात धरून त्याने म्हटलं होतं, पोरी, तुला किती त्रास देतोय. तिचा चेहरा पांढरा पडलेला त्याने पाहिला होता. संध्याकाळी तो खुर्चीकडे बघून म्हणे, ये गं चिमणे, बस इथे, आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्याच्या अंगावर काटा येई. आपल्याला कोणी शाप दिलेला नाही, हे त्याला कळत होतं. आपलंच बोललेलं आपल्याकडे राहायला आलं होतं.

आणि आता ती खरंच बसली होती.

ये गं, तो म्हणाला. मला माफ कर.

"जगणार नाही."

तिने डोळे मिटले. मग त्याचा डावा हात, ज्यात जीव होता तो, उचलून आपल्या पोटावर ठेवला. मागे तिचा नवरा "नको, नको" म्हणत पुढे आला, त्याला थोरलीने अडवलं.

"मला माहीत आहे तुम्ही ते म्हणत नाही आहात," चिमणी म्हणाली. "पण मला ऐकायला तेच येतं ना, बाबा."

त्याने मान डोलावली. तळहाताखाली पोट गरम होतं, गच्च. त्याला सांगायचं होतं की तुझा मुलगा गेला त्या दिवशी मी खाली बसून हुंदके देत होतो, मशीनच्या आवाजात कोणाला ऐकू गेले नाहीत.

"जगणार—"

आतून लाथ बसली. त्याच्या तळहातावर, नेमकी, टणक. त्याचा श्वास अडकला आणि शब्द तिथेच तुटला.

खोलीत सगळ्यांनी ऐकलं. एकच शब्द, एकटा.

मग श्वास सुटला आणि दुसराही आला. "नाही."

पण चिमणी पुढे वाकली होती. "बाबा. पहिला ऐकला मी. पहिला चांगला आहे. तेवढाच म्हणा, पुढचा गिळा."

"जगणार नाही."

"पुढचा नको. थांबायचं फक्त."

"जगणार नाही. जगणार नाही." त्याला थांबताच येईना. शब्द उतारावरच्या गाडीसारखे एकामागून एक सुटत होते, तिच्या तोंडावर, तिच्या पोटावर.

"चल घरी," नवरा तिच्या खांद्याला धरून म्हणाला. "बास झालं, चिमणे. किती वेळा ऐकणार आहेस?"

"त्यांना ताण होतोय," पाळक म्हणाला. "दुसरा झटका येईल."

"गप्प बसा सगळे!" वहिनी ओरडली. ती दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती, पण तिने दार सोडलं नाही. "म्हणू द्या त्यांना. ते प्रयत्न करतायत, दिसत नाही का? बाबा, म्हणा तुम्ही. माझ्याकडे बघून म्हणा हवं तर."

म्हाताऱ्याने सुनेकडे बघितलं, मग लेकीकडे. जिभेवर आलेला शब्द त्याने जन्मात कधी गिळला नव्हता. मनात येईल ते बोलायचं आणि त्याला खरेपणा म्हणायचं. देवाचा माणूस सडेतोड असतो म्हणायचं. गिळायचं कसं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"जगणार," तो म्हणाला, आणि पुढचा येताना त्याला दिसला. जीभ उचलली जात होती, वरच्या दातांमागे टेकत होती. त्याने अंगात होतं नव्हतं ते सगळं बळ जबड्यात आणलं आणि स्वतःच्या हातांनी बनवलेल्या आपल्या कवळीचे दात जिभेवर मिटले.

घशातून एक घुसमटलेला आवाज आला. मान ताठ झाली, शिरा वर आल्या. आत काहीतरी दारावर धडका देत होतं. पलंग हलत होता. ओठांच्या कोपऱ्यातून रक्ताची बारीक रेघ हनुवटीवर आली. पण दात उघडले नाहीत. हळूहळू धडका विरळ झाल्या. मग थांबल्या.

चिमणीने रुमालाने त्यांची हनुवटी पुसली. 

"ऐकलं, बाबा," ती म्हणाली. "तेवढंच हवं होतं."

पाळकाने प्रसंगाला शोभेल असं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. बायकोने नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याने तोंड मिटलं आणि पलंगाच्या पायथ्याशी खाली बसला.

*

दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही. पाळकानेच फोन करून नको म्हणून सांगितलं.

बुधवारच्या सभेत कोणीतरी सवयीने त्याच्या बहिणीचं नाव काढलं. तो म्हणाला, "तिच्याबद्दल या खोलीत मी बोललो तेवढं पुष्कळ झालं. आता गप्प बसून प्रार्थना करू." चाळीस माणसं गप्प बसली. कोणाला तो वेळ आवडला नाही, पण उठूनही कोणी गेलं नाही.

बाबा त्या दुपारनंतर एक अक्षर बोलले नाहीत. जीभ बरी झाली तरी नाही. चहा हवा असला की कपाकडे बोट. उशी सरकली की नुसतं बघणं. थोरलीने शिकलेले सगळे सूर वाया गेले. कवळी साफ करायला ती तोंड उघडायला सांगे, तेव्हा ते डाव्या हाताने घसा दाबून धरत, आणि दात परत बसले की मगच सोडत. संध्याकाळी घर इतकं शांत असे की शेजारच्या घरातलं घड्याळ ऐकू येई. त्या शांततेचीही थोरलीला सवय करून घ्यावी लागली, कारण ती रिकामी नव्हती. वर एक माणूस क्षणाक्षणाला काहीतरी अडवून धरतोय, हे खाली कळत असे.

चिमणीला मुलगी झाली. बारीक, लालभडक, आवाजाने खणखणीत. पहिली रात्र आईबाप जागेच होते, सारखा हात नाकापाशी धरून. दुसरी रात्रही. मग ती वाढायलाच लागली, कोणाची परवानगी न घेता.

तिला घेऊन सगळी वर गेली तेव्हा चिमणी म्हणाली, "म्हणा ना, बाबा. आता म्हणा. मी आहे इथे."

बाबांनी मान हलवली. पहिला सुटला तर पुढचा धरता येईल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती, आणि या पोरीवर त्यांना ती जोखीम घ्यायची नव्हती. त्यांनी वाकून मिटलेले ओठ तिच्या कपाळाला लावले. बराच वेळ लावून ठेवले.

थंडी संपता संपता एका सकाळी ते गेले. थोरलीने त्यांना आंघोळ घातली, केस विंचरले. प्रेताचा जबडा गळून पडतो, तो बांधावा लागतो. तोंडांच्याच धंद्यात जन्म गेलेल्या तिला हे सांगायला कोणी नको होतं. ती पांढरी पट्टी घेऊन वाकली, आणि तशीच उभी राहिली. ओठ मिटलेले होते. तिने हनुवटीला बोट लावून पाहिलं. दात आवळलेलेच होते, जाताना देखील त्यांनी सोडले नव्हते.

तिने पट्टीची घडी घातली आणि बाजूला ठेवली.

पलीकडच्या खोलीत माणसं जमली होती, हळू आवाजात बोलत होती. त्यात चिमणीची मुलगी जागी झाली आणि घसा फोडून रडायला लागली. तिला गप्प करायला कोणीही उठलं नाही.